एका मिनिटाला चार, पाच मिनिटांना आठ

पत्र थोडक्यात असं आहे. भांडुपची एक आई, पहिलीच मुलगी, सात आठवड्यांची. नॉर्मल डिलिव्हरी, कळा सोसेनात म्हणून पाठीतलं इंजेक्शन घेतलेलं. बाळाच्या गळ्याला नाळेचा एक वेढा होता, बाहेर आल्यावर लगेच रडलं नाही, बाजूच्या टेबलावर नेऊन मास्क लावला तेव्हा रडलं. तीन दिवसांनी दोघी घरी आल्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: अपगार (जन्मल्या जन्मल्या बाळाला बघून दहापैकी देतात तो आकडा) ४ आणि ८. जावेच्या मुलाचे ९ आणि १० घरात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. जावेने फोनवर "तुझ्या बाळाला किती गं?" विचारलं आणि ही पटकन "नऊ" म्हणून गेली. आता कार्ड कपाटात साड्यांच्या खाली आहे, नवऱ्यालाही दाखवलेलं नाही. सासूबाई येताजाता म्हणतात, उशिरा रडलेलं पोर डोक्याने मंद निघतं. आयांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिने "माझ्या मैत्रिणीचं बाळ" म्हणून विचारलं तर कुणीतरी मेंदूचा एमआरआय करून टाका म्हणाली. आणि सहा आठवड्यांचे डोस आठवडाभर लांबलेत, कारण डोसाला सासूबाई बरोबर येणार आणि डॉक्टर कार्ड मागणार. विचारते: बाळ कमजोर आहे का, इंजेक्शन घेतलं ते चुकलं का, एमआरआय करू का, आणि खोटं बोलले ते कसं निस्तरू.

अगं बाई, आधी एक काम कर, उद्या सकाळी मुलीला घेऊन डोसाला जा. हे उत्तर तू आल्यावर वाचलंस तरी चालेल. पेंटा (डांग्या खोकल्याची लस यातच असते), पोलिओ, रोटा, न्यूमोनियाची लस, एक आठवडा उशीर झाला म्हणून काही बिघडलेलं नाही, पण डांग्या खोकला काही अपगार विचारून घरात येत नाही. सात आठवड्यांचं बाळ बिनडोसाचं घरात ठेवलंय आणि ते कशाला घाबरून तर एका कागदाला, हे मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं, खोटं बोललीस त्याच्यापेक्षाही.

आता त्या कागदाकडे येऊ. मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली, बरीचशी महापालिकेच्या हॉस्पिटलात, शेवटची थोडी प्रायव्हेटमध्ये, आणि हे दोन आकडे इतक्या वेळा लिहिलेत की तुझ्या मुलीच्या त्या पाच मिनिटांत टेबलापाशी काय चाललं असेल ते मला इथे बसून दिसतं. तुला दिसलं नसणार, तू छताकडे बघत "रडत का नाही, कुणी बोलत का नाही" करत पडली असशील. ती पाच मिनिटं आईला फार लांब वाटतात, बहुतेक तिथूनच तुझी भीती सुरू झालीये आणि कार्ड नंतर आलंय.

तर ऐक. बाळ बाहेर आल्यावर एक मिनिट झालं की पाच गोष्टी बघायच्या असतात. छातीचे ठोके, श्वास, अंगातला जोर म्हणजे हातपाय मुडपून धरलेत का लुळे सोडलेत, पायाला टिचकी मारली किंवा नाकाशी नळी नेली की तोंड वाकडं करतं का, शिंकतं का, आणि पाचवा अंगाचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. ठोके मिनिटाला १०० च्या वर तर दोन, खाली तर एक. खणखणीत रडलं तर श्वासाचे दोन, अडखळत घेतला तर एक. असं करून दहापैकी. पाच मिनिटांनी हेच परत, आणि तेव्हाही सातच्या खाली असेल तर दर पाच मिनिटांनी परत, वीस मिनिटांपर्यंत. ना मशीन ना रक्त, एक स्टेथोस्कोप, एक घड्याळ, आणि बघणारं माणूस.

तुझ्या मुलीचा चार कसा झाला असेल त्याचा अंदाज सांगते, मी तिथे नव्हते तरी असे चार पुष्कळ बघितलेत. ठोके चांगले, दोन. श्वास अडखळत, एक. हातपाय जरासे मुडपलेले, एक. रंग निळसर, शून्य. टिचकी मारली तर काही नाही, शून्य. झाले चार. गळ्याला वेढा असला की शेवटच्या कळांमध्ये नाळ कधीकधी दाबली जाते, बाळाला जरा वेळ ऑक्सिजन कमी पडतो आणि ते दमून बाहेर येतं. वेढा ही काही फार मोठी अघटित गोष्ट नाही बरं का, चार-पाच बाळांमागे एकाला असतो, बहुतेकांना त्याचं काही होत नाही, कुणी सांगतही नाही. त्यात पोटात असेपर्यंत फुप्फुसात पाणी भरलेलं असतं, श्वास नाळेनेच चाललेला असतो, आणि एका क्षणात ते पाणी सारून हवा आत घ्यायची असते. आपल्याला सोपं वाटतं कारण बहुतेक बाळं ते करून टाकतात. शंभरात पाच-दहा बाळांना मात्र जरा धक्का द्यावा लागतो, म्हणजे पुसायचं, पाठ चोळायची, तोंडनाक साफ करायचं, आणि तरी नाही तर मास्क ठेवून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, हवा द्यायची. तुझ्या मुलीला तेच केलं. आणि हे नीट ऐक, ते एक मिनिट संपायच्या आधीच सुरू केलेलं असतं, कारण श्वास न घेणाऱ्या बाळासमोर कुणी आकडेमोड करत उभं राहत नाही. आधी हवा, आकडा मागून.

मग पाच मिनिटांनी आठ. म्हणजे ठोके दोन, श्वास दोन, हातपाय दोन, टिचकीला एक आणि रंगाला एक. रंगाचा एक तर जवळपास सगळ्याच बाळांचा जातो, कारण पहिली काही मिनिटं तळहात तळपाय निळेच असतात, ते गुलाबी व्हायला वेळ लागतो आणि काहींचे दुसऱ्या दिवशीही थंडीने निळसर दिसतात. रक्तातला ऑक्सिजनसुद्धा जन्मतः आपल्यासारखा ९५-९८ नसतो, पहिल्या मिनिटाला ६०-६५ टक्के असतो आणि पाच मिनिटांत हळूहळू ८०-८५ पर्यंत चढतो, हे अगदी धडधाकट बाळांचं सांगतेय. म्हणून एका मिनिटाला दहापैकी दहा असं कार्ड कुणी दाखवलं की मी मनात हसायचे.

रंगावरून आठवलं, एका बाईच्या सासूने फाइल उघडून "कलर १" वाचलं आणि रडारड, आमच्या घरात सगळे गोरे नि पोरीला रंगात एकच मार्क कसा. त्यांना वॉर्डात खुर्ची देऊन समजवावं लागलं की हा रंग गोरा-सावळा नव्हे, निळा का गुलाबी एवढंच आहे, आणि सावळ्या बाळाचं तर आम्ही ओठ, जीभ, हिरड्या बघूनच ठरवतो. त्या बाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, दुसरा मार्क नंतर देतात का हो.

तर तू याला मार्क म्हणतेस, तुझी जाऊ म्हणते, त्या सासूबाई म्हणत होत्या, त्यात तुमची चूक नाही, दहापैकी आकडा दिला की आपण मार्कच म्हणणार, आपल्याकडे सगळं मार्कांवर चालतं. पण तो बाळाला दिलेला नसतो, तुला तर नाहीच नाही. हा आकडा काढला एका भूलतज्ज्ञ बाईने, अपगार हे तिचंच आडनाव, व्हर्जिनिया अपगार. आधी सर्जरी शिकली, मग बाईमाणसाचं त्यात भागायचं नाही म्हणून तिच्या सरांनी तिला भुलीकडे वळवलं, आणि १९४९ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजात पूर्ण प्रोफेसर झालेली ती पहिली बाई ठरली. तेव्हा बाळंत होताना आईला भरपूर गुंगी द्यायचे आणि सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. सांगतात की कॅन्टीनमध्ये नाश्ता करताना एका विद्यार्थ्याने विचारलं, नुकतंच जन्मलेलं बाळ कसं आहे हे तपासायचं कसं, तर हिने तिथल्या तिथे हाताला लागलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या. १९५२ मध्ये तिने ते डॉक्टरांच्या सभेत मांडलं, १९५३ ला छापून आलं, आणि मग जगभर पसरलं. हेतू एवढाच की कुणीतरी त्या बाळाकडे घड्याळ लावून, नीट, पहिल्याच मिनिटाला बघावं. पुढे ते डॉक्टर होणार का क्लार्क होणार हे त्यात नव्हतंच.

आणि इथेच तुझ्या इंजेक्शनचं उत्तर आहे बघ. आईला दिलेल्या भुलीचं बाळावर काय होतं हे समजायलाही हा स्कोर सुरुवातीपासून वापरला गेला. तेव्हाच्या गुंगीने बाळं खरंच पेंगुळलेली यायची, अजूनही कळांमध्ये दंडात-कमरेत देतात त्यातलं एखादं गुंगीचं इंजेक्शन डिलिव्हरीच्या अगदी जवळ दिलं तर बाळ थोडं सुस्त येऊ शकतं. पाठीतल्या इंजेक्शनचं तसं नाही. त्यावर पुष्कळ अभ्यास झालेत, घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायांच्या बाळांच्या पाच मिनिटांच्या अपगारमध्ये फरक दिसलेला नाही. तेव्हा कळा सोसल्या नाहीत म्हणून बाळाला भोगावं लागलं हे जे तू मनात धरून बसलीयेस ना, ते सोडून दे. तू इंजेक्शन घेतलं नसतंस तरी वेढा होताच.

एक गोष्ट कबूल करते, आता रिटायर झालेय म्हणून. नाइट ड्युटी, तीन टेबलांवर तीन बाया, चौथी स्ट्रेचरवर, आयाबाई एकच. बाळ येतं, टाहो फोडतं, पुसून गुंडाळून आईच्या छातीवर ठेवायचं आणि पुढच्या टेबलाकडे धावायचं. पेपर लिहायला बसायचो तेव्हा अर्धा तास उलटून गेलेला. मग काय लिहायचं, आठ आणि नऊ. हाताला सवयच झालेली, एकदा मी ज्या बाळाला आठ लिहिला त्याचा चेहरासुद्धा आठवेना. दोन अनुभवी सिस्टर एकाच बाळाला शेजारी उभ्या राहून वेगळे आकडे देतात, रंगात आणि टिचकीत तर हमखास. म्हणून मी म्हणेन, नऊ-दहा लिहिलेल्या कार्डांत बरीच कार्डं सवयीने लिहिलेली असतात, जावेच्या मुलाचं तसं असेल असं म्हणत नाही, त्याला उदंड आयुष्य लाभो. पण जो चार लिहितो त्याने सवयीने लिहिलेला नसतो. तुझ्या कार्डावरचा चार म्हणजे कुणीतरी घड्याळाकडे आणि बाळाकडे दोन्हीकडे बघत होतं. मला विचारशील तर तुमचं नशीब चांगलं होतं.

सासूबाईंचं वाक्य मात्र मी असंच उडवून लावणार नाही. "उशिरा रडलेलं पोर मंद" हे कुठून आलं असेल? त्यांच्या लहानपणी गावाला घरीच बाळंतपणं व्हायची, सुईण असायची, अंबू बॅग नसायची, एखादं बाळ दहा-दहा पंधरा-पंधरा मिनिटं श्वास घ्यायचं नाही आणि वाचलं तर त्याला पुढे झटके यायचे, मान धरायचं नाही. असं एखादं पोर त्यांनी जवळून बघितलेलं असणार. त्यांनी बघितलं ते खरंच असेल, फक्त ते आणि तुझी मुलगी यात पंधरा मिनिटं आणि एक मिनिट एवढा फरक आहे. ज्या बाळांची आम्हाला खरी काळजी लागायची त्यांचा स्कोर पाच मिनिटांना आणि दहा मिनिटांनाही पाचच्या खाली असायचा, नाळेच्या रक्तात आम्ल वाढलेलं असायचं, आणि पहिल्या दिवसातच कळायचं, अंग लुळं किंवा कडक, दूध ओढत नाही, झटके येतात. अशी बाळं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जातात, काहींना ७२ तास अंग थंड ठेवायची ट्रीटमेंट देतात आणि ती सहा तासांच्या आत सुरू करावी लागते. तुझी मुलगी तुझ्याजवळ खोलीत होती, अंगावर पीत होती, तिसऱ्या दिवशी घरी आली. नुसत्या अपगारच्या आकड्यावरून एखाद्या मुलाची बुद्धी सांगू नये असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाच सांगतात, आणि इथे तर पाच मिनिटांचा आकडाही चांगला आहे. वेळेआधी जन्मलेल्यांचं तर अजून वेगळं, त्यांच्या अंगात जोरच कमी असतो, ती सगळं ठीक असूनही सहा-सात मिळवतात.

पाचवीला तुमच्याकडे पाट मांडून कोरा कागद आणि पेन ठेवलं असेल ना, सटवाईला लिहायला? सकाळी बघितलंस तर कागद कोराच होता. त्या कोऱ्या कागदावर तू आपल्या हाताने ४ आणि ८ लिहून टाकलेस की गं.

आता एमआरआय. करू नको, निदान ग्रुपवर कुणी म्हणालं म्हणून करू नको. एवढ्या लहान बाळाला त्या मशीनमध्ये हलता येत नाही, पाजून गुंडाळून झोपवावं लागतं, नाही जमलं तर गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि काही लक्षणच नसताना केलेल्या एमआरआयमध्ये काहीतरी बारीकसं, बिनमहत्त्वाचं दिसलं तर पुढचे सहा महिने तू तेच गूगल करत बसशील. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तर गोष्ट वेगळी. त्याच्यापेक्षा खूप स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू शिंप्याकडे असते, टेप. बाळाच्या डोक्याचा घेर. जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो आणि पहिले तीन महिने दर महिन्याला दोनेक सेंटीमीटर वाढतो. मेंदू वाढतो म्हणून डोकं वाढतं, इतकं साधं आहे. प्रत्येक डोसाला वजनाबरोबर डोकं पण मोजा आणि कार्डावर लिहा असं सांग, बऱ्याच ठिकाणी गर्दीत राहून जातं आणि आपण विचारत नाही. एका मापाने काही कळत नाही, दोन-तीन मापांची रेघ कशी जाते ते बघायचं असतं, आणि घरी तू स्वतः रोज मोजत बसायचं नाही, कळलं ना.

आणि दुसरं म्हणजे ती तुझ्याकडे बघून हसते का? पत्रात तू तिचे आकडे लिहिलेस, ती काय करते ते एका शब्दाने लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. सहा ते आठ आठवड्यांत बाळं आईचा चेहरा बघून हसायला लागतात, झोपेतलं हसू नाही, डोळ्यांत बघून. चेहरा हळूहळू बाजूला नेला तर नजर मागे येते, भांडं पडलं की दचकतात, जागं असताना पालथं ठेवलं की मान जराशी उचलतात आणि धपकन टाकतात. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं असेल तर त्यात कितव्या महिन्यात काय हे चित्रांसकट आहे, नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात माग. तीन महिने झाले तरी हसत नाही, नजर लावत नाही, चार महिन्यांना मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्याच, एकच बाजू हलते, पाय कात्रीसारखे कडक, असं काही असेल तर थांबायचं नाही, अपगार दहा असला तरी थांबायचं नाही. हे मी नऊ-दहावाल्या आयांना मुद्दाम सांगते, कारण त्या कार्ड दाखवून निर्धास्त बसतात.

कानाची टेस्ट झाली का ते डिस्चार्जच्या कागदात बघ. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी कळी घालून करतात, दोन मिनिटांचं काम, दुखत नाही. प्रत्येक बाळाची पहिल्या महिन्यात व्हायला हवी, राहिली असेल तर आता करून घे, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये होते, मोठ्या हॉस्पिटलांतही होते. तशीच थायरॉइडची रक्ततपासणी, टीएसएच म्हणतात ती. थायरॉइड कमी असलेलं बाळ जन्मतः बहुतेकदा दिसायला अगदी नॉर्मल असतं, अपगार मस्त असतो, आणि वेळेवर गोळी सुरू केली नाही तर बुद्धीवर खरोखर परिणाम होतो. मंद होण्याची भीती घरात एवढी आहे तर टीएसएचचा रिपोर्ट आधी शोधा. तुझ्या घरात उशिरा रडण्याची चर्चा सात आठवडे चालली आणि या रिपोर्टचं नाव कुणी काढलं नसेल, पैज लावते.

आता खोटं. जावेला नऊ सांगितलंस, ठीक आहे, बाळंतिणीला दहाव्या दिवशी कुणी मार्क विचारतं का, तिचंही चुकलंच. तिला फोन करून कबुली द्यायची काही गरज मला वाटत नाही, विषय निघाला तर "अगं घाबरले होते तेव्हा, चार आणि आठ होतं" म्हण आणि पुढचं बोल. पण नवऱ्याला आज सांग. तू लिहितेस तो घाबरेल म्हणून लपवलं, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं तो तुला दोष देईल याची भीती जास्त आहे. तो दोष देणारा माणूस आहे असं तुझ्या पत्रात कुठेच नाही, उलट रात्री डब्याचं दूध नको असं तूच सांगितलंस, तर तू पाजताना तो उठून तुला पाणी आणून देतो असं लिहिलंयस. कार्ड काढ, समोर ठेव, आणि म्हण, रडायला एक मिनिट उशीर झाला, मास्कने हवा दिली, पाच मिनिटांत ठीक झाली, हे वाचून मी सात आठवडे घाबरलेय. तोही त्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसला होता, आत काय झालं हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसणार.

सासूबाईंना तू समजवायला जाऊ नकोस. सुनेने समजावलेलं सासूला पटत नाही, हे मी माझ्या घरात दोन्ही बाजूंनी बघितलंय. त्यांना डोसाला घेऊनच जा, केबिनच्या आत घेऊन जा, कार्ड टेबलावर ठेव आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार: रडायला उशीर झाला होता, याचा पुढे काही परिणाम दिसतोय का, डोकं मोजून सांगा, टाळू बघा, हातापायातला जोर बघा. डॉक्टर बाळाला हात धरून उठवतील, मान बघतील, आणि जे सांगतील ते सासूबाई स्वतःच्या कानाने ऐकतील. डॉक्टरांपासून मात्र हे कार्ड कधीच लपवू नको, आत्ताच्या डॉक्टरांपासून नाही, नंतरच्या डॉक्टरांपासूनही नाही, शाळेत जाईपर्यंत. जन्माच्या वेळी काय झालं, किती वेळ हवा दिली, पेटीत ठेवलं का, कावीळ किती होती, हे बाळाच्या डॉक्टरला ठाऊक असलंच पाहिजे.

आणि तू. रात्री तीनला मोबाइलचं स्टॉपवॉच लावून श्वास मोजतेस असं शेवटी एका ओळीत लिहून टाकलंस. एवढ्या लहान बाळाचा श्वास मिनिटाला ३० ते ६० असतो, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो आणि परत भरभर चालू होतो, ते नॉर्मल आहे. वीस सेकंद थांबला, ओठ निळे पडले, शांत असताना पूर्ण मिनिट मोजून ६० च्या वर गेला, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध घ्यायचं सोडलं, उठवूनही उठत नाही, अंग तापलंय (डोसानंतरच्या थोड्या तापाचं शेवटी सांगते) किंवा गार पडलंय, तर स्टॉपवॉच ठेव आणि रिक्षा पकड. एरवी मोजू नको. बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं वाईट सुचतं, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर तुझ्या डिलिव्हरीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, हे बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं आणि त्याला उपचार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.

हे वाचणाऱ्या ज्यांना आठवा-नववा चालू आहे त्यांच्यासाठी. हॉस्पिटल ठरवताना एसी खोली आणि केक कापायचा हॉल विचारता ना, तसंच हेही विचारा की डिलिव्हरीच्या वेळी बाळासाठी वेगळं माणूस कोण असेल, डॉक्टर किंवा ट्रेनिंग झालेली सिस्टर, आईकडे बघणारं वेगळं आणि बाळाकडे बघणारं वेगळं. बाळ न रडल्यास काय करता हे विचारा, उत्तर देताना माणूस गडबडला तर समजून घ्या. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबतात का, बाळाला आईच्या छातीवर ठेवतात का, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात का. नवऱ्यांनी कार्डाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. आणि मावशी-आत्या-जावांनी पहिल्या फोनवर आईला जेवलीस का विचारावं.

डोस झाल्यावर रात्री थोडा ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते, त्यावर हळद लावायची नाही, शेकायचं नाही, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं औषध तेवढंच द्यायचं. आणि ते कार्ड साड्यांखालून काढून दोन झेरॉक्स काढ, मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. आपल्याकडे पावसात कपाटात ओल येते आणि डॉट पेनची शाई नसली तर पहिले हे आकडेच पुसट होतात. हसते का ते कळव.